पिवळी तिळवण: उग्र वासाच्या एका रानवनस्पतीची ओळख आणि तिची नावे निश्चित करण्याची रीत

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की पडीक रान, शेताचे बांध, रस्त्याच्या कडा, विटामातीचे ढिगारे आणि खरिपाच्या पिकातील मोकळ्या जागा येथे पिवळ्या फुलांची, बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच होणारी एक चिकट वनस्पती दिसू लागते. तिच्या खोडाला कपडा घासला तरी कुटलेल्या मोहरीची आठवण करून देणारा उग्र दर्प येतो आणि तो बराच वेळ कपड्यावर राहतो. ही पिवळी तिळवण. तिला काही ठिकाणी कानफोडी असेही म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत ती क्लिओम व्हिस्कोसा या नावाखाली सापडते, तर अलीकडच्या वर्गीकरणात पुष्कळदा अरिव्हेला व्हिस्कोसा या नावाखाली.

अडचण अशी की यांपैकी जवळजवळ प्रत्येक नावाला एखादा भागीदार आहे. तिळवण हे नाव पांढऱ्या फुलांच्या दुसऱ्या वनस्पतीलाही आहे. कानफोडीशी मिळतेजुळते नाव एका वेलीलाही आहे. इंग्रजीतील नावाचे शब्दशः भाषांतर केले तर ते खऱ्या रानमोहरीकडे घेऊन जाते. त्यामुळे केवळ ऐकलेल्या नावावरून एखाद्या यादीत किंवा औषधाच्या पुस्तकात तिचा शोध घेणारा माणूस सहज भलत्याच वनस्पतीच्या वर्णनापाशी पोहोचतो. म्हणून आधी हातातील वनस्पती निश्चित करावी, मग तिचे शास्त्रीय नाव शोधावे आणि लोकांच्या तोंडची नावे त्या शास्त्रीय नावाला जोडून लिहावीत. हा क्रम उलटा केला तर पुढची सारी मेहनत वाया जाते, असे मी आग्रहाने सांगेन.

वास कसा घ्यावा

वासापासून सुरुवात करणे स्वाभाविक आहे, कारण ही वनस्पती डोळ्यांआधी नाकाला सापडते. वनस्पतीच्या मधल्या भागातील एखादी पूर्ण वाढलेली पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातील एक सुटे पाते, तोडावी, बोटांच्या चिमटीत चुरडावी आणि ती नाकाला न लावता वीतभर अंतरावर धरून हलकेच वास घ्यावा. तिळवणीच्या पानांत ग्लुकोसिनोलेट वर्गातील गंधकयुक्त द्रव्ये असतात. ती पानात असतात तोवर त्यांना फारसा वास नसतो. परंतु पान चुरडले की वेगळ्या पेशींत साठवलेले मायरोसिनेज हे विकर त्यांच्यात मिसळते आणि त्यांचे विघटन होऊन झोंबणारी, बाष्परूपाने चटकन उडणारी द्रव्ये तयार होतात. मोहरी, मुळा आणि सहिजण अर्थात शेवगा यांच्या तिखटपणामागेही हीच रासायनिक क्रिया आहे. अंगावरच्या चिकट लवेतून पाझरणाऱ्या राळेसारख्या द्रव्यांचा वास त्यात मिसळलेला असतो, म्हणून तिळवणीचा दर्प निव्वळ मोहरीसारखा न लागता अधिक जड आणि काहींना किळसवाणा वाटतो.

वास नोंदवताना ‘उग्र’ एवढाच शब्द लिहून थांबू नये. मोहरीसारखा झोंबणारा, तुळशीसारखा, कापरासारखा, बोकडाच्या अंगासारखा, हिंगासारखा, अशा ओळखीच्या वासाशी जोडून लिहिल्यास ती नोंद दुसऱ्याच्या उपयोगी पडते. एका वनस्पतीचे पान चुरडलेल्या बोटांनी लगेच दुसऱ्या वनस्पतीचे पान चुरडू नये. आधीचा वास बोटांवर टिकतो आणि दोन्ही नोंदी बिघडतात. पान वाळले की वास बदलतो किंवा जातो, त्यामुळे ही नोंद जागेवरच करणे आवश्यक आहे. चव मात्र घेऊ नये. ताज्या पानाच्या रसाने त्वचा लाल होते व जळजळते, म्हणून हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत.

एवढे करूनही वास हा पुरावा म्हणून दुय्यमच मानावा लागतो. तो माणसागणिक वेगळा भासतो, वनस्पतीच्या वयाबरोबर बदलतो आणि एकाच कुलातील अनेक जातींमध्ये सारखा असू शकतो. वासाने वनस्पतीचा शोध लागतो. तिची ओळख मात्र पान, फूल आणि शेंग यांवरूनच पटते.

पान आणि खोड

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ असावे. खोडावर उभ्या रेघा असतात आणि त्यावर दाट लव असते. भिंगातून पाहिल्यास त्या प्रत्येक केसाच्या टोकाला द्रवाचा बारीक थेंब चकाकताना दिसतो. त्यात धूळ, वाळूचे कण, कधी अगदी लहान किडे अडकलेले असतात. व्हिस्कोसा या लॅटिन विशेषणाचा अर्थ ‘चिकट’ असा असून ते या लवेवरूनच आले आहे. खोडाला बोट लावून उचलताना किंचित ओढ जाणवली नाही, तर आपण दुसऱ्याच कोणत्या तरी वनस्पतीपाशी उभे आहोत, अशी शंका घ्यावी. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर चिकटपणा कमी जाणवतो, तेव्हा कोवळ्या शेंड्याजवळ किंवा शेंगेवर पुन्हा पाहावे.

पाने खोडावर एकाआड एक येतात. प्रत्येक पान संयुक्त असून त्याच्या देठाच्या टोकावर एकाच बिंदूपासून तीन किंवा पाच पर्णिका निघतात. खालच्या पानांत बहुधा पाच, तर फुलोऱ्याजवळच्या पानांत तीन पर्णिका असतात आणि मधली पर्णिका इतरांपेक्षा मोठी असते. म्हणून पर्णिका मोजताना एकच पान पाहून निष्कर्ष काढू नये. वर, मध्ये आणि खाली अशी किमान तीन पाने पाहावीत.

फूल आणि शेंग

खरा निर्णय येथे होतो, म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. शक्यतो सकाळी पाहावे; तोडलेल्या फुलाच्या पाकळ्या लवकर मलूल होतात व गळतात. फूल पिवळे असते आणि त्याला चार पाकळ्या असतात. मोहरीच्या फुलातही चार पिवळ्या पाकळ्या असतात, परंतु तेथे त्या एकमेकींसमोर फुलीच्या आकारात पसरलेल्या असतात. तिळवणीच्या फुलात मात्र चारही पाकळ्या वरच्या बाजूला झुकलेल्या असतात आणि खालची बाजू पुंकेसरांसाठी मोकळी राहते, त्यामुळे फूल समोरून पाहिल्यास अर्धेच उमलल्यासारखे दिसते. एकदा ही मांडणी नीट लक्षात आली की चार पावलांवरूनही मोहरी आणि तिळवण यांत गफलत होत नाही.

यानंतर पुंकेसर मोजावेत. पिवळ्या तिळवणीत ते पुष्कळ असतात, साधारणपणे दहा ते वीस, कधी त्याहूनही जास्त, आणि सर्वांची लांबी सारखी नसते. मोहरीच्या फुलात सहाच असतात. त्यांपैकी चार लांब व दोन आखूड. पांढऱ्या तिळवणीतही सहाच असतात, पण त्यांची जागा अगदी वेगळी असते. तेथे पाकळ्यांच्या तळापासून एक बारीक दांडा वर जातो आणि सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंचीवर त्या दांड्यातून पुंकेसर बाहेर पडतात. दांडा तसाच पुढे वाढून टोकाला अंडाशय धरतो. पिवळ्या तिळवणीत असा दांडा नसतो. पुंकेसर आणि अंडाशय पाकळ्यांपाशीच, तळाला बसलेले असतात. पाकळ्यांचा रंग उन्हाने फिका पडला असेल किंवा फुले गळून गेली असतील, तरी हा दांडा आहे की नाही एवढ्यावरून दोन्ही वनस्पती वेगळ्या करता येतात, कारण शेंग धरल्यावरही तो तसाच राहतो.

पिवळ्या तिळवणीची शेंग साधारण 5 ते 10 सेंटिमीटर लांब, बारीक, वरच्या दिशेने उभी, अंगावर उभ्या रेघा असलेली आणि लव असल्यामुळे चिकट असते. टोकाला वाळलेल्या कुक्षिवृंताची बारीक चोच राहते. पिकल्यावर ती टोकाकडून खाली उलगडत जाते, दोन्ही पाखे सुटतात आणि मध्ये एक चौकट उरते, जिच्या कडांना बिया लागलेल्या असतात. बी तांबूस ते काळपट, मोहरीहून लहान, जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाचे असते. भिंगाखाली त्यावर आडव्या सुरकुत्या ओळीने दिसतात. मोहरीचा दाणा त्या मानाने गुळगुळीत वाटतो. फुले संपल्यावर वनस्पती हाती आली, तर ही बी ओळख पटवण्यासाठी फार मोलाची ठरते, म्हणून पाचपन्नास बिया कागदाच्या पुडीत ठेवण्याचा कंटाळा करू नये.

जिच्याशी गोंधळ होतो अशा वनस्पती

तिळवणीच्या जवळच्या नात्यातील आणखी काही जाती पावसाळ्यात उगवतात. त्यांपैकी काहींची फुले गुलाबी किंवा जांभळी असतात. आफ्रिकेतून आलेली क्लिओम रुटिडोस्पर्मा ही निळसर जांभळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी जात आता ओलसर जागी व बागांच्या कडेने दिसते. ताजे फूल समोर असेल तर रंगावरूनच यांचा प्रश्न सुटतो.

टाकळा हीसुद्धा पिवळ्या फुलांची, चुरडल्यावर दुर्गंधी येणारी आणि त्याच जागांवर, त्याच दिवसांत उगवणारी वनस्पती आहे. त्याच्या फुलाला पाच पाकळ्या असतात आणि पान पिसासारखे संयुक्त असते, म्हणजे मधल्या दांडीवर पर्णिकांच्या तीन जोड्या समोरासमोर लागलेल्या असतात. एका बिंदूतून फुटणाऱ्या तिळवणीच्या पर्णिकांशी त्याचे काहीच साम्य नाही.

ज्यांची फुले पिवळी नाहीत परंतु ‘रानातली उग्र वासाची’ एवढ्याच वर्णनावरून ज्या पुढे केल्या जातात, अशा दोन वनस्पतींचा उल्लेख आवश्यक आहे. रानतुळस म्हणून ओळखली जाणारी, मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतील हिप्टिस सुआव्हिओलेन्स, जिला आता मेसोस्फेरम सुआव्हिओलेन्स म्हणतात, तिचे खोड चौकोनी, पाने साधी व समोरासमोर, फुले लहान व निळसर जांभळी असतात. बी पाण्यात टाकले की सब्जासारखे बुळबुळीत होते. दुसरी ओसाडी, अर्थात अजेरेटम कोनिझॉइडिस. तिची पाने समोरासमोर व लवदार असतात, फिकट जांभळी किंवा पांढरी फुले लहान गेंदांच्या झुपक्यात येतात आणि वास बोकडाच्या अंगासारखा येतो. ओसाडीत यकृताला अपायकारक असलेली पायरोलिझिडीन अल्कलॉइडे आढळतात, तेव्हा नावाच्या घोळात ती पोटात जाणे धोक्याचे आहे.

शास्त्रीय नाव कसे शोधावे, वाचावे आणि लिहावे

वनस्पतींच्या आजच्या नामकरणाचा आरंभ स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांच्या 1753 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पीशीज प्लांटॅरम’ या ग्रंथापासून मानला जातो, आणि पिवळ्या तिळवणीला क्लिओम व्हिस्कोसा हे नाव त्याच ग्रंथात मिळाले. नावाचा पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. रोमन लिपीत लिहिताना प्रजातीच्या नावाचे आद्याक्षर मोठे, जातीच्या नावाचे लहान ठेवतात आणि दोन्ही शब्द तिरप्या टाइपात छापतात. त्यापुढे नाव देणाऱ्याच्या नावाचे संक्षिप्त रूप येते. लिनीअससाठी केवळ ‘एल्’ हे एक अक्षर पुरते. देवनागरीत लिहिताना मोठ्या-लहान अक्षरांचा प्रश्न नसला तरी दोन्ही शब्द पूर्ण लिहावेत आणि ज्या नोंदीला संशोधनाचा किंवा औषधाचा आधार होण्याची शक्यता आहे, तेथे कर्त्याचे नाव गाळू नये.

कर्त्याच्या नावाकडे लक्ष देण्याचे कारण याच वनस्पतीच्या इतिहासात दिसते. लिनीअस यांनी त्याच ग्रंथात क्लिओम आयकोसँड्रा, म्हणजे वीस पुंकेसरांची, अशा नावाने जी वनस्पती वेगळी नोंदवली, तीही पिवळी तिळवणच होती, हे पुढे स्पष्ट झाले. 1824 मध्ये द कँडोल यांनी ही जाती पोलॅनिसिया या प्रजातीत घालून पोलॅनिसिया व्हिस्कोसा असे नाव केले. 1834 मध्ये वाइट आणि अर्नॉट यांनी पोलॅनिसिया आयकोसँड्रा हे रूप वापरले. 1838 मध्ये राफिनेस्क यांनी तिच्यासाठी अरिव्हेला ही स्वतंत्र प्रजाती सुचवली. त्यानंतर दीर्घकाळ क्लिओम हेच नाव चालत राहिले. गेल्या काही दशकांत डीएनएच्या आधारे नाती तपासली गेली, तेव्हा क्लिओम या जुन्या, ऐसपैस प्रजातीतील सर्व जाती एका पूर्वजाच्या वंशातील नाहीत असे दिसून आले आणि तिचे तुकडे करणे भाग पडले. त्यामुळे राफिनेस्क यांचे नाव पुन्हा वापरात आले. कुलाचेही असेच झाले: जुन्या ग्रंथांत तिळवण करीर कुलात, म्हणजे कॅपॅरेसीमध्ये आढळेल, तर आता तिचे क्लिओमेसी हे स्वतंत्र कुल मानतात आणि मोहरीचे कुल तिचे सर्वांत जवळचे भावंड ठरते. दोघींच्या वासात जे साम्य आहे त्याला असा वंशाचा आधार आहे.

या फेरबदलांत एक नियम मात्र पाळला जातो. जाती एका प्रजातीतून दुसरीत नेली तरी तिचे मूळ विशेषण शक्यतो कायम राहते आणि ते प्रथम देणाऱ्याचे नाव कंसात, तर स्थानांतर करणाऱ्याचे नाव कंसाबाहेर लिहितात. म्हणून अरिव्हेला व्हिस्कोसा या नावापुढे कंसात लिनीअस आणि बाहेर राफिनेस्क अशी दोन नावे येतात. ही कंसातली खूण दिसली की या वनस्पतीचे आणखी एक जुने नाव असणार, हे वाचकाने ओळखावे आणि ते शोधून काढावे. जुन्या नावाखाली लिहिलेली माहिती कालबाह्य ठरत नाही; उलट या वनस्पतीवरील बहुतेक लेखन क्लिओम व्हिस्कोसा याच नावाखाली असल्याने केवळ नवे नाव घेऊन शोध करणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते. माझ्या मते सर्वसामान्य लेखनात आज चालू असलेले नाव आधी आणि ‘पूर्वीचे नाव क्लिओम व्हिस्कोसा’ अशी जोड लगेच पुढे, ही पद्धत सर्वांत सोयीची आहे.

नाव पडताळण्यासाठी लंडनमधील क्यू येथील रॉयल बोटॅनिक गार्डन्सचे ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. तेथे कोणतेही जुने नाव घातले असता सध्या ग्राह्य धरलेले नाव आणि समानार्थी नावांची यादी मिळते. परंतु हे करताना हातातील वनस्पती आधी फूल-शेंगेवरून ठरलेली असली पाहिजे. तिळवण असे मराठी नाव कोठे तरी शोधून त्यापुढे छापलेले पहिले लॅटिन नाव उचलणे, ही चुकीच्या याद्या तयार होण्याची सर्वांत मोठी वाट आहे.

पांढऱ्या तिळवणीची नावे याच वेळी लिहून ठेवणे शहाणपणाचे, कारण ती जोडीने समोर येतात. लिनीअस यांनी तिला क्लिओम गायनँड्रा म्हटले. 1914 मध्ये ब्रिके यांनी तिला गायनँड्रॉप्सिस गायनँड्रा असे नाव दिले आणि आज ते ग्राह्य धरले जाते. गायनँड्रॉप्सिस पेंटाफिला हे नाव जुन्या औषधी ग्रंथांत दिसले, तर ते हिचेच समजावे.

लोकांच्या तोंडची नावे कशी टिपावीत

लोकनावे शास्त्रीय नावांपेक्षा हलक्या प्रतीची असतात, अशा समजुतीने अनेक नोंदींत ती एका ओळीत, स्वल्पविराम देऊन, कोणत्या भागातील आणि कोणाच्या तोंडची हे न सांगता कोंबलेली असतात. त्याने मोठे नुकसान होते, कारण लोकनावात वनस्पतीचा उपयोग, तिचे दिसणे किंवा तिच्याबद्दलचे मत साठलेले असते. नाव विचारताना वनस्पती समोर धरूनच विचारावे. केवळ वर्णन करून विचारल्यास सांगणारा आपल्या मनातील वनस्पतीचे नाव सांगतो. ‘हिला तिळवण म्हणतात ना?’ असा प्रश्न मुळीच विचारू नये, कारण त्याला सौजन्याने होकार मिळतो. ‘हिला तुमच्याकडे काय म्हणतात?’, ‘ही कशाला वापरतात?’ आणि ‘हिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती आहे?’ हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. यांतला तिसरा विशेष महत्त्वाचा आहे, कारण स्थानिक जाणकार कोणत्या दोन वनस्पतींत फरक करतात आणि तो कशावरून करतात, हे त्याच्या उत्तरातून कळते.

कानफोडी या नावाचे उदाहरण घ्यावे. तिळवणीच्या पानांचा रस कानदुखीवर कानात घालण्याची जुनी रीत आहे आणि हे नाव कानाच्या विकाराशी जोडले जाते. कानफुटी किंवा कपाळफोडी हे नाव मात्र कार्डिओस्पर्मम हॅलिकॅकाबम या, फुग्यासारखी फळे धरणाऱ्या नाजूक वेलीला आहे आणि तिचाही उपयोग लोक कानाच्या तक्रारींवर करतात. नाव जवळचे, उपयोग जवळचा, वनस्पती मात्र दोन भिन्न कुलांतील. नोंद करताना अशा ठिकाणी दोन्ही वनस्पतींचे वेगळे नमुने घ्यावेत आणि कोणते नाव कोणत्या नमुन्यापुढे सांगितले गेले, ते स्पष्ट लिहावे. उपयोग लिहून घेणे वेगळे आणि तो करून पाहणे वेगळे, हेही येथे सांगितले पाहिजे. कानाचा पडदा फाटलेला असल्यास आत घातलेला कोणताही रस मधल्या कानात जाऊन हानी करू शकतो, आणि तिळवणीचा रस तर त्वचेचीही आग करणारा आहे. कान दुखत असेल तर डॉक्टरांनी कान तपासल्यावाचून त्यात काहीही घालू नये.

इतर भाषांतील नावे जमवताना हाच काटेकोरपणा ठेवावा. हिंदीत हुरहुर किंवा हुलहुल, बंगालीत हुडहुडे ही एका घराण्यातील नावे पिवळ्या व पांढऱ्या दोन्ही तिळवणींना लावली जातात, म्हणून त्यांच्याआधी रंगाचे विशेषण आहे की नाही ते पाहावे. तमिळमध्ये नाय्क्कडुगु, म्हणजे कुत्र्याची मोहरी, असे नाव आहे, आणि तेलुगूतील कुक्कवामिंट या नावातही कुत्रा आहेच. खऱ्या, वापरातल्या वनस्पतीसारखी दिसणारी पण कमी प्रतीची वाटणारी वनस्पती दाखवण्याची ती एक रीत आहे. मलयाळममध्ये दोन तिळवणींना वेगळी नावे आहेत. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात ती अरिया-वीला व कारा-वीला अशी नोंदवली गेली. राफिनेस्क यांची अरिव्हेला ही प्रजाती म्हणजे त्यांतील पहिल्या नावाचेच लॅटिन रूप होय. केरळातील लोकांच्या तोंडचे नाव असे जगभरच्या शास्त्रीय नोंदींत जाऊन बसले आहे.

गढवालात हीच वनस्पती जखिया म्हणून ओळखली जाते, परंतु तेथे हे नाव मुख्यतः बियांचे आहे. भाज्यांना जिऱ्या-मोहरीप्रमाणे जखियाची फोडणी देतात. अशा वेळी नाव अख्ख्या वनस्पतीचे आहे की एखाद्या भागाचे, हे लिहिणे आवश्यक असते. इंग्रजीत तिला वाइल्ड मस्टर्ड, डॉग मस्टर्ड, टिकवीड, एशियन स्पायडरफ्लॉवर अशी नावे आहेत. यांतील वाइल्ड मस्टर्ड हे नाव युरोपात सिनॅपिस आर्व्हेन्सिस या खऱ्या मोहरीवर्गीय तणाचे आहे, तेव्हा त्याचे ‘रानमोहरी’ असे भाषांतर करून तिळवणीला चिकटवणे टाळावे.

संस्कृत नावांबाबत अधिक सावध राहावे लागते. आदित्यभक्ता, सुवर्चला ही नावे टीकाकारांनी आणि आधुनिक लेखकांनी दोन्ही तिळवणींना, शिवाय सूर्यफुलालाही लावलेली आहेत. सूर्यफूल मूळचे अमेरिकेतील असल्याने प्राचीन ग्रंथांत ते अभिप्रेत असणे शक्य नाही. अजगंधा हे नाव पांढऱ्या तिळवणीसाठी वापरलेले दिसते, तरी बोकडाच्या वासाचा अर्थ लावून ते ओसाडीलाही जोडले जाते. अशा ठिकाणी ‘अमुक ग्रंथातील हे नाव या वनस्पतीचे मानले जाते’ इतकेच लिहावे. नावापुढे बरोबरीचे चिन्ह काढू नये.

नमुना जपणे

ज्या वनस्पतीवरून ही नावे ठरली, ती जपून ठेवली तरच पुढे कोणाला पडताळणी करता येईल. छायाचित्रे अवश्य काढावीत: पूर्ण वनस्पती, खालचे व वरचे पान, समोरून व बाजूने फूल, शेंगेचा देठाकडील भाग आणि नाण्याशेजारी किंवा मोजपट्टीशेजारी बिया. तथापि पुंकेसर नेमके कोठून निघतात ते छायाचित्रात पुष्कळदा दिसत नाही, म्हणून दाबून वाळवलेल्या नमुन्याला पर्याय नाही. फूल आणि शेंग दोन्ही असलेली वनस्पती मुळासकट उपटावी, माती झटकावी आणि वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वजनाखाली ठेवावी. तिळवण कागदाला चिकटते आणि कागद बदलताना पाकळ्या फाटतात. म्हणून फुलोऱ्याच्या वर-खाली बटर पेपरचा तुकडा ठेवावा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत, नाहीतर पावसाळी हवेत बुरशी धरते. वाळलेला नमुना साधारण 28 बाय 42 सेंटिमीटरच्या जाड पांढऱ्या कागदावर शिवून किंवा डकवून घ्यावा आणि बियांची पुडी त्याच कागदाच्या कोपऱ्यात चिकटवावी.

उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावावी. वाळल्यावर जे नाहीसे होते ते तीवर आधी लिहावे: फुलाचा रंग, वास, चिकटपणा, उंची. मग गाव, तालुका, जिल्हा, जागेचे स्वरूप, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव व त्याचा अनुक्रमांक, समोर वनस्पती धरून सांगितले गेलेले लोकनाव व सांगणाऱ्याची भाषा, आणि सर्वांत शेवटी शास्त्रीय नाव. शंका असेल तर प्रजातीचेच नाव लिहून जातीची जागा मोकळी सोडावी. एकाच वेळी उपटलेल्या दोन-तीन झाडांचे नमुने त्याच अनुक्रमांकाने केले, तर एक स्वतःजवळ ठेवून दुसरा तपासणीसाठी देता येतो. पुण्यातील भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, तसेच मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम येथे पश्चिम भारतातील वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. देण्यापूर्वी त्या संस्थेची स्वीकारण्याची पद्धत विचारून घ्यावी.

पुढे कोणी नाव दुरुस्त केले किंवा वर्गीकरण बदलले, तर जुनी चिठ्ठी खोडायची अथवा काढायची नसते. नवे नाव, ते ठरवणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहिलेली छोटी चिठ्ठी त्याच कागदावर जुनीच्या वरच्या मोकळ्या जागेत चिकटवतात. तिळवणीच्या जुन्या नमुन्यांवर त्यामुळे पोलॅनिसिया, क्लिओम आणि अरिव्हेला अशी नावे एकाखाली एक वाचायला मिळू शकतात.